दोन सारथी

मागील उन्हाळ्यातील गोष्ट. एका स्नेह्यांच्या कारखान्यात कामगारांसाठी प्रेरणादायी व्याख्यान आयोजित केले होते. हे स्नेही त्या कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांच्या आग्रहामुळे मीही गेलो होतो. वक्ते नावाजलेले होते. दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळ झाले आणि पुढे दीड तास अस्खलित भाषण झाले. ध्येय, जिद्द, सकारात्मक विचार, गरुडाची झेप, काही म्हणता काही राहिले नाही. टाळ्याही भरपूर पडल्या. चहाच्या वेळी एक प्रौढ फिटर जवळ आले आणि अतिशय नम्रपणे आमच्या स्नेह्यांना म्हणाले, ‘‘साहेब, भाषण फार छान झालं. पण आमच्या शेडमधला एक्झॉस्ट फॅन चार महिने बंद आहे. तेवढं बघता का?’’

स्नेह्यांना या गोष्टीची कल्पनाच नव्हती. कामगारांनी तीनदा लेखी अर्ज दिला होता. तो कोणत्या टेबलावर अडकला होता, हे कुणालाच सांगता येईना. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आठ तास उभे राहणाऱ्या माणसाला आपण गरुडाची झेप ऐकवत होतो. त्या फिटरच्या स्वरात उपहास नव्हता, तक्रारही नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य अधिक लागले.

कामाच्या ठिकाणी माणसांना प्रेरणा कशी द्यावी, या विषयावर आज पुस्तकांचे आणि शिबिरांचे पीक आले आहे. त्याच सुमारास दुसरा एक वादही अधूनमधून उसळतो. इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांविषयीचे उद्गार गाजले. आपल्याकडे कायद्याने आखून दिलेली सर्वसाधारण मर्यादा ४८ तासांची आहे. त्यामुळे एका बाजूने राष्ट्रउभारणीचा दाखला दिला गेला, तर दुसऱ्या बाजूने शोषणाचा आरोप झाला. दोन्ही बाजू तासांचा हिशेब मांडत राहिल्या. परंतु मूळ प्रश्न तासांचा नाहीच. माणूस एखाद्या कामाला ‘माझे काम’ केव्हा म्हणू लागतो, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर काम करणाऱ्याकडे जितके आहे, त्याहून अधिक काम करवून घेणाऱ्याकडे आहे.

कृष्ण आणि शल्य

या प्रश्नाचा विचार करताना महाभारताकडे वळावेसे वाटते. युद्धापूर्वी श्रीकृष्णाने दोन पर्याय समोर ठेवले होते. एका बाजूला नारायणी सेना, दुसऱ्या बाजूला शस्त्र हाती न धरणारा एकटा कृष्ण. अर्जुनाने कृष्णाला निवडले आणि दुर्योधन सेना मिळाली म्हणून हर्षभरित होऊन परतला. आजच्या भाषेत बोलायचे तर दुर्योधनाने मनुष्यबळ घेतले आणि अर्जुनाने सोबत घेतली. पुढे कृष्णाने कोणते स्थान स्वीकारले? सेनापतीचे नाही, सल्लागाराच्या उंच आसनाचेही नाही. त्याने घोड्यांचे लगाम हाती घेतले. सारथी रथात पुढे बसतो. शत्रूच्या बाणांच्या माऱ्यात तोही योद्ध्याइतकाच सापडतो. मात्र पराक्रमाचे श्रेय मागे उभ्या असलेल्या योद्ध्याला मिळते.

याच महाभारतात दुसराही एक सारथी आहे, त्याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो म्हणजे मद्रराज शल्य. कर्णाचे सारथ्य त्याच्याकडे आले. अश्वविद्येत तो कृष्णाच्या तोडीचा मानला जाई. म्हणजे कौशल्याची उणीव नव्हती. परंतु कर्णाचा तेजोभंग करण्याचे वचन त्याने युधिष्ठिराला दिले होते आणि ते त्याने पाळले. ऐन रणांगणात, प्रतिस्पर्धी समोर उभा असताना, शल्य कर्णाला त्याच्या उणिवा ऐकवत राहिला. अर्जुनापुढे तुझा निभाव लागणार नाही, हे नाना प्रकारे सांगत राहिला. कर्णासारखा धनुर्धर, उत्तम रथ, उत्तम घोडे आणि उत्तम सारथी! तरीही त्या रथात बळ उरले नाही. कर्णाच्या पराभवाला शापांची आणि नियतीची कारणे आहेतच. पण माणसाचे मन त्याच्याच रथातून कसे पोखरले जाते, याचे इतके भेदक चित्र अन्यत्र क्वचितच सापडेल.

आपल्या कार्यालयांत, कारखान्यांत, शाळांत, बँकांत डोळसपणे पाहावे. तेथे कृष्ण किती आणि शल्य किती? चारचौघांत चूक काढणारा, ‘तुझ्याने हे होणार नाही’ असे न बोलता सुचवणारा, चांगल्या कामावर मौन पाळणारा आणि किरकोळ चुकीवर लांबलचक पत्र लिहिणारा वरिष्ठ हा बहुधा कामात निष्णातच असतो. शल्यही निष्णातच होता.

कारण सांगणारा अधिकारी

कृष्णाच्या सारथ्याचे पहिले लक्षण म्हणजे त्याने अर्जुनाला कारण सांगितले. ‘मी सांगतो म्हणून लढ’ एवढे म्हणण्याचा अधिकार त्याला नक्कीच होता. त्याऐवजी दोन्ही सैन्ये सज्ज असताना त्याने अर्जुनाच्या शंका ऐकून घेतल्या. एकच शंका निराळ्या शब्दांत पुन्हा आली, तेव्हा पुन्हा उत्तर दिले. आणि उपदेशाच्या शेवटाकडे तो म्हणतो की, या सर्वांचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. इतके सांगून झाल्यावरही निर्णय त्याने ऐकणाऱ्याच्या हाती ठेवला.

हे केवळ ग्रंथातच राहिले असे नाही. शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र या दृष्टीने मुळातून वाचावे असे आहे. विषय अगदी साधा: दाणा-वैरण जपून वापरा आणि रयतेला उपद्रव देऊ नका. राजाला ही आज्ञा दोन ओळींत देता आली असती. परंतु महाराज कारणांची साखळीच उलगडून दाखवतात. आजच वैरण उधळली तर पावसाळ्यात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग लोक कुणब्यांकडचे धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागतील. मग रयतेला वाटेल की, यांच्यापेक्षा मोगल परवडला. इतकेच नव्हे, तर रात्री दिवा तसाच जळत ठेवला आणि उंदराने पेटती वात ओढून नेली, तर गवताच्या गंजीला आग लागेल, येथपर्यंत ते पत्र जाते. स्वराज्याचा धनी उंदराचा आणि दिव्याच्या वातीचा विचार करतो आणि तो आपल्या अधिकाऱ्यांना समजावून सांगतो! असे पत्र वाचणाऱ्या जुमलेदाराला आपण केवळ हुकमाचे ताबेदार आहोत असे वाटणार नाही. वैरणीची पेंढी आणि स्वराज्याची अब्रू यांचा संबंध त्याच्या ध्यानी येईल. कारण कळलेला माणूस, देखरेख करणारा समोर नसतानाही नीट वागतो. आज्ञा आणि प्रेरणा यांतील फरक येथे आहे.

आज आपल्याकडे परिपत्रके सुटतात, त्यात काय करायचे ते असते. का करायचे ते नसते. वरच्या मजल्यावर ठरलेले लक्ष्य खालच्या टेबलावर केवळ आकडा होऊन पोहोचते. आकड्यासाठी कोण जीव टाकील?

विश्वासाची जोखीम

दुसरे लक्षण विश्वासाचे. विश्वास हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. ज्यात फसवले जाण्याची शक्यता आहे, तेथे टाकलेला विश्वास हाच खरा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. पात्रता असूनही बढती डावलली गेली आणि ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला मिळाली. ते नोकरी सोडून बेळगावला परतले. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तेथे लक्ष्मणरावांनी कोणती माणसे गोळा केली? शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर पुढे तेथेच कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आले. आणि रात्रीचा पहारा कोणाकडे? दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या माणसांकडे! ज्यांच्यापासून कारखाना राखायचा, त्यांच्याच हाती त्याची राखण. ती माणसे त्या विश्वासाला जागली. ज्याला वरिष्ठांच्या अन्यायाने काम सोडावे लागले, त्या माणसाने स्वतः वरिष्ठ झाल्यावर हे केले, हे विशेष. बहुतेकदा उलटेच होते. सासुरवास सोसलेली सून पुढे तशीच सासू होते.

विश्वासाचा हाच धडा पुढे फार मोठ्या प्रमाणावर कोकणात गिरवला गेला. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि भारतीय रेल्वेतून निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. रोह्यापासून मंगळूरच्या वेशीपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९० हून अधिक बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल. शिवाय सह्याद्रीचा कातळ, कोकणचा पाऊस आणि पेडण्याच्या बोगद्यातील चिखलासारखी माती. एवढे काम एका टेबलावरून चालवणे अशक्य होते. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी असे सात विभाग केले गेले. प्रत्येकाकडे सुमारे १०० किलोमीटर आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, निर्णयाच्या अधिकारासह. ‘वर विचारून सांगतो’ हे आपल्या सरकारी कामातील सर्वांत महागडे वाक्य. ते जितके कमी उच्चारले जाईल, तितके काम पुढे सरकते. २६ जानेवारी १९९८ रोजी हा संपूर्ण मार्ग राष्ट्राला मिळाला. आज गणपतीला गावी जाणारा चाकरमानी गाडीच्या गर्दीविषयी तक्रार करतो, ती रास्तच आहे. पण मुंबईहून कोकणात रेल्वेने जाता येईल हे पिढ्यान्पिढ्यांचे स्वप्न होते, हे विसरून चालणार नाही.

अपयश कोणाचे?

तिसरे लक्षण सर्वांत कठीण. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेले एसएलव्ही-३ हे प्रक्षेपणयान समुद्रात कोसळले. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांपुढे मात्र इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः गेले. अपयशाचे उत्तरदायित्व त्यांनी आपल्याकडे घेतले आणि आपल्या चमूवर पूर्ण विश्वास व्यक्त केला. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी याच यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. या वेळी धवन मागे राहिले आणि पत्रकारांना सामोरे जाण्यास त्यांनी कलामांना सांगितले. कलाम हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगत राहिले. राष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचलेल्या माणसाला आपल्या वरिष्ठाची ती एक कृती विसरता आली नाही, यातच तिचे मोल आले.

श्रीधरन यांच्याही बाबतीत असाच क्षण आला. दिल्ली मेट्रोच्या कामात १२ जुलै २००९ रोजी जमरूदपूर येथे बांधकाम चालू असलेला पूल कोसळून जीवितहानी झाली. त्याच दिवशी श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही आणि पुढे त्यांनी काम चालू ठेवले, हा भाग वेगळा. पण चौकशीत कोण कनिष्ठ सापडतो याची वाट त्यांनी पाहिली नाही.

याचा केवळ नीतीशीच संबंध आहे असे नाही. कामाच्या गुणवत्तेशीही आहे. अपयशाचे खापर खाली फोडले जाते, तेथे माणसे चुका लपवू लागतात. लपवलेली चूक दुरुस्त होत नाही. चांद्रयान-२ चे लँडर ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रावर आदळले. त्यानंतर ‘काय बरोबर जाईल’ याऐवजी ‘काय काय चुकू शकते’ हे गृहीत धरून चांद्रयान-३ ची रचना केली गेली, असे तेव्हाचे इस्रो अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी त्या रचनेचे चीज झाले. चूक मोकळेपणाने सांगता येते, अशाच संस्थेत हे घडू शकते.

घोड्यांना पाणी

आता तासांच्या वादाकडे परत येऊ. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने रामेश्वरमला जोडणाऱ्या पांबन पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात लोटून दिले. दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरली होती. वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. ३२ वर्षांच्या श्रीधरन यांनी समुद्रात बुडालेले गर्डर शोधून वर काढले आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. तेथे कोणी तास मोजत बसले असेल असे वाटत नाही. तेव्हा माणसे तास विसरून काम करतात, हे खरे. मात्र तो त्यांनी होऊन दिलेला वेळ असतो. हक्क म्हणून मागता येत नाही. आणि ४६ दिवसांची शर्थ हा तीस वर्षांच्या नोकरीचा नियम होऊ शकत नाही.

या संदर्भात द्रोणपर्वातील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. जयद्रथवधाचा दिवस. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पुरी झाली नाही तर अर्जुनाला अग्निप्रवेश करावा लागणार. याहून कठोर मुदत कोणती? तरीही दुपारी घोडे थकले, बाणांनी घायाळ झाले, तेव्हा ऐन रणांगणात रथ थांबवण्यात आला. अर्जुन जमिनीवर उतरून शत्रूला थोपवीत राहिला आणि कृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना पाणी पाजले, चोळून-मालीश करून ताजेतवाने केले आणि मग पुन्हा जुंपले. सूर्य मावळतीकडे निघाला असतानाही ज्याला घोड्यांची तहान दिसते, तो सारथी. मुदतीचे कारण सांगून माणसांची झोप, घर आणि आरोग्य ओरबाडून घेणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख अप्रिय वाटला तरी करायला हवा. आपल्याकडे निष्काम कर्मयोगाचा दाखला अनेकदा वरचा माणूस खालच्या माणसाला देतो. फळाची अपेक्षा ठेवू नये, हे व्रत ज्याचे त्याने स्वतःसाठी घ्यायचे असते. वेतनवाढ मागणाऱ्या शिपायाला, कंत्राटावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या सफाई कामगाराला किंवा तुटपुंज्या मानधनावर शिकवणाऱ्या शिक्षकाला ते ऐकवणे म्हणजे गीतेचा आधार घेऊन आपला खिसा सांभाळणे होय. सेवाभावी म्हणवणाऱ्या संस्थाही या दोषापासून मुक्त नाहीत. त्यागाची भाषा ज्याला सर्वांत कमी मिळते त्यालाच सर्वांत जास्त ऐकावी लागते. शिवछत्रपतींनी असे केले नाही. अफजलखानाच्या प्रसंगानंतर कामी आलेल्यांच्या मुलांना चालवले, मुलगा नसेल तेथे पत्नीला निम्मे वेतन बांधून दिले, जखमींना जखम पाहून होन दिले, अशी नोंद सभासदाच्या बखरीत आहे. ज्यांनी प्राण पणाला लावले त्यांना महाराजांनी केवळ शाबासकीवर वाटेला लावले नाही. प्रेरणा ही वेतनाच्या बदली देण्याची वस्तू नाही. न्याय्य वेतन दिल्यानंतर तिचा विचार सुरू होतो.

कारण सांगणे, विश्वास टाकणे, अपयश आपल्याकडे घेणे आणि घोड्यांची तहान ओळखणे. यांतील एकाही गोष्टीला वक्तृत्व लागत नाही, निधी लागत नाही, पदही फारसे मोठे लागत नाही. चार माणसांवर देखरेख करणाऱ्या मुकादमालाही हे साधेल आणि हजारांच्या अधिकाऱ्यालाही साधणार नाही. लागते ती थोडी नम्रता आणि पुष्कळ चिकाटी. म्हणूनच ते दुर्मीळ आहे.

त्या कारखान्यातला पंखा चौथ्या दिवशी सुरू झाला. स्नेह्यांनी एवढ्यावर समाधान मानले नाही. दर सोमवारी सकाळी ते आता तासभर शेडमध्ये जातात, ऐकतात आणि वहीत टिपून घेतात. मागच्या सोमवारी काय झाले, हे आधी स्वतः सांगतात आणि मगच नवे विचारतात. पहिले काही आठवडे कुणी फारसे बोलले नाही. मग हळूहळू बोलू लागले. आता तक्रारींबरोबर सूचनाही येतात. एका जॉबसाठी मशीनवरची मांडणी बदलली तर वेळ वाचेल, ही सूचना त्याच फिटरची होती. ती गेली सहा वर्षे त्यांच्या मनात होती. इतकी वर्षे का सांगितली नाही, असे स्नेह्यांनी विचारले. ते म्हणाले, ‘‘साहेब, कुणी विचारलंच नाही.’’

आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांच्या मनात अशी किती वर्षांची किती वाक्ये साचून राहिली असतील, याचा विचार आपण प्रत्येकाने येत्या सोमवारी कामाला जाताना करायला हरकत नाही.